साहेब मोरीखाली

“वैनीसाहेब, साहेब आज परत शिंकल्यात बघा,” भाजीवाली गोदाक्का म्हणाली आणि मेथीची जुडी माझ्यासमोर धरली.

जुडी कालच्या ‘दैनिक तोफगोळा’त गुंडाळलेली होती आणि मेथीच्या मुळांशी माझा नवरा होता. डोळे मिटलेले, तोंड उघडं, नाक आभाळाकडे. वर मथळा : ‘ठाण्याच्या अंगणातून कोंबडी लंपास! निरीक्षक हुलावळे निद्रिस्त!’

“अगं, ती कोंबडी आमची होती,” मी म्हटलं.

“मग चोर घावला का?”

“चोर कसला? मामेसासरे आले होते, शिजवली आम्ही.”

गोदाक्काने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बायका तिने ढिगाने पाहिल्या आहेत. “आसंल आसंल,” ती म्हणाली. “पर छापून आलंय न्हवं.”

शिरसोळमध्ये हा शेवटचा शब्द होता. छापून आलं की झालं. ब्रह्मदेव जरी खाली उतरून म्हणाला असता की कोंबडी हुलावळ्यांच्या पातेल्यात गेली, तरी गावाने त्याला आधी विचारलं असतं, कुठल्या पेपरात आलंय?

या वैराचं मूळ अगदी क्षुल्लक होतं. तोफगोळ्याचे संपादक भालचंद्र उपळेकर यांची स्कूटर एका बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या ऐन मध्यावर उभी होती. आमचे हे नुकतेच बदलून आलेले, शिस्तीचा उत्साह दांडगा. चार शिपायांनी ती स्कूटर उचलली आणि ठाण्याच्या आवारात आणून ठेवली. तिच्यावर त्या दिवशीच्या अंकाचे सगळे गठ्ठे बांधलेले होते, हे कुणी पाहिलंच नाही. अंक गावात पोचला तो दुसऱ्या दिवशी, आणि तो नेमका संपादकांच्या पन्नाशीचा विशेषांक होता. वाढदिवस होऊन गेला आणि शुभेच्छा ठाण्यात पडून राहिल्या. असा अपमान कोण विसरेल?

आणि तो फोटो! तेव्हा गावोगावचे छापखाने अजून शिशाच्या खिळ्यांवर, एकेक अक्षर जुळवून चालत. फोटो छापायचा तर जिल्ह्याहून जस्ताचा ठोकळा करून आणावा लागे. उपळेकर काटकसरी माणूस, गावातल्या प्रत्येक नामांकिताचा त्यांच्याकडे एकेकच ठोकळा. साखर कारखान्याचे चेअरमन त्यांच्या पेपरात कायम भरघोस केसांचे असत, प्रत्यक्षात डोक्यावर भांगही नव्हता. आमच्या यांचा ठोकळा बनला तो सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाचा. मैदानावर धूळ उडाली, यांना शिंक आली, आणि फोटोग्राफरने नेमकी तीच वेळ साधली. तेव्हापासून चोरी होवो, अपघात होवो, रक्तदान शिबिर होवो, साहेब शिंकतच असायचे. बाजारात बायका यांना समोरून येताना पाहून ओळखायच्या नाहीत. एकदा यांना खरोखर शिंक आली, तर पानवाला टपरीतून उठून म्हणाला, “नमस्कार साहेब!”

मी हसायचे. पण हळूहळू हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही, कारण हा माणूस स्वतःच तोफगोळा वाचून त्यावर विश्वास ठेवायला लागला.

“मी खरंच ऑफिसात झोपतो का गं?” एक दिवस जेवताना यांनी विचारलं.

“मला काय ठाऊक? मी घरी असते.”

“मुलाणीला विचारलं मी. तो म्हणाला, न्हाई साहेब. पण म्हणायच्या आधी त्याने विचार केला.”

“मुलाणी हवालदार विचार केल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत.”

“तसं नाही,” हे म्हणाले आणि ताटातला घास पुन्हा ताटात ठेवला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. सतत कुणी मोठ्याने ‘तू आंधळा, तू आंधळा’ म्हणत राहिलं, तर माणूस एक दिवस भिंत चाचपायला लागतो. यांनी तेच चालवलं होतं. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघत, मग मला ओढायला सांगत.

अशात श्री नागनाथाची यात्रा आली.

शिरसोळच्या यात्रेचा मान म्हणजे रथ. सागवानी, दुमजली, चाकं माणसाच्या उंचीची. दोन बाजूंना जाड दोर आणि ते ओढायला सगळा गाव. रथाला पहिला हात ठाण्याच्या फौजदाराने लावायचा अशी जुनी रीत होती. पूर्वी कधी तरी दोन आळ्यांत पहिल्या हातावरून डोकी फुटली होती, तेव्हा कुणा शहाण्याने ठरवलं, की मान कोणालाच नको, पोलिसाला द्या. तो बदलून जाणारा माणूस, त्याच्याबद्दल कोणाच्या पोटात दुखणार नाही.

रथाच्या वाटेवर ओढा लागतो आणि ओढ्यावर मोरी होती, इंग्रजांच्या वेळची, दगडी कमानीची. तिच्याखाली माणूस वाकून उभा राहील एवढी जागा. यात्रेच्या आदल्या आठवड्यात हे घरी आले ते घाम पुसतच.

“मोरीला तडा गेलाय. कमानीत, आतल्या बाजूने. चार बोटं रुंद. रथ वर आला तर माणसांसकट खाली बसेल.”

“अगबाई! तुम्ही बघितला?”

“या डोळ्यांनी.”

“पण तुम्ही मोरीखाली कशाला गेला होता?”

 हे पंख्याकडे बघत म्हणाले, “जीप पंक्चर झाली होती. टायर बदलेपर्यंत जरा… आडोसा हवा होता.”

मी हसले. पण शांतता समितीच्या बैठकीत नेमका हाच प्रश्न उभा राहिला, आणि तिथे हसणारे पुष्कळ होते.

ही बैठक मी ऐकली ती मधल्या दारामागून. आमचं क्वार्टर ठाण्याला लागूनच होतं आणि बैठकीचा चहा माझ्याकडूनच जायचा. यांनी सगळं नीट मांडलं. रथ यंदा पेठेतून न्यावा, मोरी टाळावी. यात्रा समितीचे अध्यक्ष दादासाहेब खराडे, पांढऱ्या मिशांचे, सबुरीचे गृहस्थ. त्यांनी मान हलवली. “साहेब म्हणत्यात तर इचार कराया हवा.”

तेवढ्यात उपळेकर उठले. मोरी ओलांडली की पहिली इमारत त्यांच्या छापखान्याची. रथ तिथे थांबायचा, आणि संपादक सहकुटुंब नारळ फोडायचे. पेठेतून रथ गेला तर तो नारळ हुकणार होता.

“एकच शंका,” उपळेकर म्हणाले. “तडा आतल्या बाजूने आहे ना? मग निरीक्षक साहेब मोरीखाली कशासाठी गेले होते?”

दाराआड मी डोळे मिटून घेतले. मनात म्हटलं, अहो, तपासणीसाठी म्हणा. एक शब्द. तपासणी! पण हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नाही, आणि खरं बोलायची सोय नव्हती.

“ते… खाजगी कारण होतं,” हे म्हणाले.

हास्याचा असा फवारा उडाला, की माझ्या हातातले कप किणकिणले. तहसीलदारांनी रुमालात तोंड लपवलं. मग ते म्हणाले, बांधकाम खात्याच्या इंजिनियरने मोरी पाहिलेली आहे, ती भक्कम आहे. इंजिनियरने ती जीपमधून, जीप न थांबवता पाहिली होती, हे मुलाणी हवालदारांना माहीत होतं. पण हवालदाराला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी तोफगोळा सुटला : ‘निरीक्षक मोरीखाली कशासाठी? खाजगी कारण काय? देवाच्या रथाला खोडा!’ खाली ठोकळा. हे जिल्ह्याला आपल्या वरच्या साहेबांकडे धावले. ते म्हणाले, “हुलावळे, तुम्ही पेपरात फार येता हो,” आणि विषय संपला.

यात्रेच्या दिवशी सकाळी हे दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून माझ्याकडे वळले.

“मी तुला तडा केवढा सांगितला होता?”

“चार बोटं.”

“मला आता दोन बोटं वाटतोय.”

चहा पिताना म्हणाले, “तिथे अंधार असतो गं. कधी कधी सांधा असतो दगडांचा, तो तड्यासारखा दिसतो.” गणवेशाची बटणं लावेस्तोवर तडा करंगळीएवढा झाला होता. मी टोपी हातात दिली तर ती घेऊन उभेच राहिले.

“सगळा गाव म्हणतो काही नाही. इंजिनियर म्हणतो काही नाही. मग मलाच कसा दिसला?”

“तुम्हीच खाली गेला होता म्हणून!”

“हं,” हे म्हणाले, पण तोंड काही उजळलं नाही.

रथासमोर ही गर्दी! ढोल, लेझीम, गुलाल. मी बायकांच्या घोळक्यात आरतीचं तबक घेऊन उभी. दोर हातात घेऊन गडी वाट बघतायत आणि पहिला हात लावणाराच नाही. खराडे दादासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. “साहेब कुठायत?”

“झोपले असतील,” उपळेकर म्हणाले, आणि गर्दीतून खसखस पिकली.

थोडी वाट बघितली, भटजी मुहूर्ताची घाई करायला लागले. मग कुणीतरी ओरडलं, “संपादक, तुमीच लावा हात!” उपळेकरांनी दोर आधी पकडला आणि नको नको नंतर म्हटलं. पिढ्यान्पिढ्यांचा मान ठाण्याचा, तो माझ्या डोळ्यांदेखत छापखान्याला गेला. ‘नागनाथ महाराज की जय’ झालं, चाकं करकरली आणि रथ हलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने आलं. हा माणूस गेला कुठे?

मुलाणी हवालदार वाट काढत माझ्यापाशी आले. खालच्या आवाजात म्हणाले, “वैनी, साहेब सकाळीच चालत वड्याकडं गेल्यात. म्हणाले, आलोच. मी म्हटलं संगं येतो, तर नको म्हणाले.”

मी तबक शेजारणीच्या हातात कोंबलं आणि मागच्या बोळाने पळत सुटले. नऊवारी पातळात, काठापदराच्या, पोलीस निरीक्षकाची बायको पळतेय हे उद्या छापून येणार हे मला पळता पळताही कळत होतं.

पण माझ्या आधी लेझीमवाली पोरं ओढ्यावर पोचली होती. मोरीच्या कठड्यावर यांची टोपी ठेवलेली. पोरांनी खाली वाकून पाहिलं, आणि बातमी रथापर्यंत उलटी धावत गेली. “साहेब मोरीखाली बसल्यात!”

रथ मोरीच्या अलीकडे थांबला. गर्दीचे दोन तट पडले.

“धरणं धरलंय साहेबानं! रथ जाऊ देनार न्हाई म्हणत्यात.”

“आरं खुळ्या, मोरी पडनार आसती तर तिच्याखाली कोन बसंल? सवता बसलाय म्हंजी मोरी भक्कम हाय!”

हे दुसरं गावाला एकदम पटलं. उपळेकर रथाच्या पायरीवर चढले. “नागरिकहो! आणखी कोणता पुरावा हवा? तडा तडा म्हणून गावाला घाबरवणारे स्वतः निवांत त्याच मोरीच्या सावलीत बसलेत! चला, ओढा!”

“साहेबांच्या अंगावरनं?” दादासाहेबांनी विचारलं.

“मोरीवरनं!” उपळेकर म्हणाले.

तोवर मी घसरत, बाभळीचे काटे खात खाली उतरले होते. ओढा कोरडा होता. हे कमानीखाली उकिडवे बसलेले, हातात टॉर्च, मान वर, गुडघ्यांना माती.

“अहो, हे काय चालवलंय? बाहेर या! रथ आलाय डोक्यावर!”

“आला? पण पहिला हात…”

“संपादकांनी लावला.”

वाटलं, यांना लागेल. पण यांनी ते ऐकलंच नाही जणू. टॉर्च वर धरून म्हणाले, “इकडे ये. जरा वर बघ.”

आवाज असा, की मी निमूट वाकून आत गेले.

“दिसतोय का तुला?”

धरणं नव्हतं, काही नव्हतं. सगळ्या गावाला वाटलं साहेब हट्टाने बसलेत. माझा नवरा फक्त खात्री करून घ्यायला आला होता, की आपण पाहिलं ते खरं होतं का. आणि एवढा वेळ बघूनही त्याची खात्री होत नव्हती. तड्याकडे बघत असताना सुद्धा!

मी वर पाहिलं. कमानीचे दगड एका रेषेत सुटलेले. एका जागी तर आरपार उजेडाची चीर. मी हात घातला, मनगटापर्यंत आत गेला.

“चार बोटं कुठे हो,” मी म्हटलं, “अख्खा हात जातोय माझा.”

“खरंच?”

“देवाशप्पथ.”

यांनी एक लांब श्वास सोडला आणि मटकन खालीच बसले. चेहरा असा खुलला, जसा लग्नानंतर मी क्वचितच पाहिला. “म्हणजे मला दिसलं होतं ते खरं होतं,” हे म्हणाले आणि चक्क हसायला लागले.

“अहो, आनंद मागाहून करा! वर रथ आहे!”

आम्ही बाहेर आलो. हे हात पसरून ओरडायला लागले, “थांबा! मागे व्हा! मोरी पडेल!” ढोल थांबेनात. पुढचा गडी हसत म्हणाला, “साहेब, तुमीच तर आत हुता की इतका येळ!” यांचा घसा बसला, शिट्टी वाजवली तर लेझीमवाल्यांनी तिच्यावर ठेका धरला. दोर ताणले गेले. रथाचं पुढचं चाक मोरीपासून हाकेच्या अंतरावर.

मला काय सुचलं देव जाणे. मी पदर खोचला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, “भावजी!”

उपळेकर दचकले. ढोलवालाही थबकला. बाईमाणसाचा एवढा आवाज!

“भावजी, मोरी भक्कम आहे म्हणता ना?”

“शंभर टक्के, वहिनी!”

“मग या की खाली. तुम्ही मोरीखाली बसा, रथ वरून जाऊ दे. उद्याच्या अंकात केवढी बातमी होईल! फोटोही काढून घ्या.”

फोटो म्हटल्यावर संपादकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण पाय हलेनात. गर्दीने मात्र ती कल्पना उचलली. “जावा, संपादक! दावा साहेबाला! होऊन जाऊ द्या!” आता माघार घेणं म्हणजे स्वतःचाच मथळा स्वतःच खोडण्यासारखं होतं. उपळेकर धोतराचा सोगा सावरत खाली उतरले, मिशीला ताव दिला आणि आत गेले.

“वाजवा रं!” वरून कुणीतरी म्हणालं.

मोरीवर उभ्या असलेल्या ढोलवाल्यांनी एकदम टिपरू मारलं. रथ अजून मोरीवर यायचाच होता. नुसत्या ढोलांनी कमानीतून मूठभर चुना संपादकांच्या टाळूवर पडला. मग नारळाएवढा दगड, पायाजवळ.

उपळेकर बाहेर आले ते गोफणीतून सुटावं तसे. सोगा बाभळीला अडकला तो तिथेच राहिला. “थांबवाऽऽ! फुटली! मोरी फुटली! मागं घ्याऽऽ!”

आणि सगळा गाव जागच्या जागी थांबला! साहेब घसा फोडून ओरडत होते तेव्हा हसणारा गाव, संपादक ओरडल्याबरोबर गारठला. ढोलवाले मोरीवरून उड्या टाकून पळाले, गड्यांनी चाकांखाली ओंडके टाकले. माझ्याजवळ उभे असलेले मुलाणी हवालदार पुटपुटले, “छापणारानंच सांगितलं म्हंजी खरं आसनार.”

दादासाहेब खराडे स्वतः खाली उतरून तडा बघून आले.  रथासमोर येऊन म्हणाले, “वाट बदलली, म्हंजी नारळ नवा आन् पयला हातबी नवा. या साहेब.”

यांनी टोपी चढवली, दोर धरला. गुलाल उधळला गेला, तो यांच्या नाकात गेला, आणि यांनी डोळे मिटून, तोंड उघडून, आभाळाकडे नाक करून एक सणसणीत शिंक दिली.  मग सगळ्या जत्रेने असा जल्लोष केला, की देवळावरची कबुतरं उडाली. शेवटी गावाने साहेबांना ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशीचा तोफगोळा : ‘संपादकांच्या प्रसंगावधानाने भीषण अनर्थ टळला!’ अगदी खाली, बारीक खिळ्यांत : निरीक्षक हुलावळे यांचेही सहकार्य लाभले. सोबत ठोकळा. इंजिनियर या खेपेला जीपमधून उतरला, कठड्याला टेकून टिपण करायला लागला, आणि कठडाच ओढ्यात गेला. इंजिनियर थोडक्यात वाचला, त्याचं टिपण नाही वाचलं.

आमची बदली झाली तेव्हा उपळेकर घरी आले, हातात कागदात बांधलेलं काहीतरी. जरा अवघडून म्हणाले, “साहेब, निरोपाच्या अंकासाठी तुमचा चांगला फोटो मिळवून नवा ठोकळा केला होता. छापला पण. पण दिवसभर लोक छापखान्यात येऊन विचारतायत, हा कोण म्हणून. आमचे साहेब कुठायत? शेवटी उद्या पुन्हा जुनाच छापावा लागणार. मग हा नवा तुम्हीच ठेवा.”

“तो नको,” हे म्हणाले. “उद्याचं छापून झालं की जुना द्या.”

जुना ठोकळा आता आमच्या पुण्याच्या घरी असतो. आलेल्या पाहुण्याला तो हातात देऊन हे गोष्ट सांगतात. वर्षं गेली तशी गोष्ट फुगत गेली. हल्ली त्यात हे दंड थोपटून म्हणतात, “आता मी मोरीखालीच बसतो, बघू कोण रथ नेतो!” पाहुणे माना डोलावतात. मी चहा देते.

फक्त तड्यापाशी आले की हे दरवेळी अडखळतात. “तडा होता चांगला चार बोटं…” म्हणतात, आणि पाहुण्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघतात. थेट त्या दिवशीसारखं, टॉर्च हातात धरल्यासारखं.

“होता की,” मी म्हणते. “माझा अख्खा हात गेला होता आत.”

मग हे पुढची गोष्ट सांगतात.